लोहयुक्त नमुन्यांचे चूर्ण-विवर्तन : गोव्यातील खनिजे आणि फेराइट अभ्यासणाऱ्यांसाठी

रासायनिक विश्लेषणाच्या अहवालात लोहाचे प्रमाण ५८ टक्के असे लिहून येते, तेव्हा त्या आकड्यावरून धातुकाचा भाव ठरवता येतो. पण ते लोह नेमके कोणत्या खनिजात बसले आहे हे त्यावरून कळत नाही. शुद्ध हेमॅटाइटमध्ये लोह ६९.९ टक्के, मॅग्नेटाइटमध्ये ७२.४ टक्के आणि गोथाइटमध्ये ६२.९ टक्के असते. त्यामुळे ५८ टक्क्यांचा नमुना क्वार्ट्‌झ मिसळलेल्या हेमॅटाइटचा असू शकतो, तसाच थोडी केओलिनाइट माती असलेल्या गोथाइटचाही असू शकतो. भट्टीत मात्र दोघांचे वागणे वेगळे असते, कारण गोथाइट साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या सुमारास पाणी सोडून हेमॅटाइटमध्ये बदलते आणि त्यात वजनाचा जवळजवळ दहावा भाग गमावते. हा फरक थेट दाखवणारे साधन म्हणजे क्ष-किरणांचे चूर्ण-विवर्तन, ज्याला प्रयोगशाळेत सगळे नुसते एक्सआरडी म्हणतात.

डिचोली, सत्तरी आणि सांगे या तालुक्यांतील धातुक, जांभा दगड, किनाऱ्यावरची काळी वाळू किंवा नदीचा गाळ अभ्यासणारे भूशास्त्राचे विद्यार्थी, आणि फेराइटसारखे (लोहाचे चुंबकीय ऑक्साइड) कार्यात्मक, म्हणजे चुंबकीय किंवा विद्युत गुणांसाठी मुद्दाम बनवलेले, पदार्थ तयार करणारे भौतिकशास्त्राचे व रसायनशास्त्राचे विद्यार्थी, या सर्वांना एकच अडचण भेडसावते : नमुन्यात लोह भरपूर असते. बहुतेक मार्गदर्शक पुस्तिका क्वार्ट्‌झ किंवा मीठ यांसारखी सोपी उदाहरणे घेतात आणि लोहाची अडचण एका वाक्यात उरकतात. माझे मत असे आहे की यंत्र चालवणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग असून, उत्तर बरोबर येणार की चूक, हे बहुतांशी नमुना यंत्रात ठेवण्यापूर्वीच ठरलेले असते. म्हणून पुढील विवेचनात तयारीला जास्त जागा दिली आहे.

तत्त्व थोडक्यात सांगता येईल. स्फटिकातील अणूंचे समांतर थर ठरावीक अंतरावर असतात, आणि विशिष्ट कोनातच त्यांच्यावरून परतणारे क्ष-किरण एकमेकांना बळ देतात. थरांतील अंतराच्या दुपटीला किरणाने थराशी केलेल्या कोनाच्या साइनने गुणले की तरंगलांबीची पूर्ण पट मिळते, हा ब्रॅगचा नियम. अशा प्रत्येक कोनाला आलेखात एक शिखर येते (आलेखावर या कोनाची दुप्पट मांडतात), आणि त्यावरून थरांतील अंतर अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे नॅनोमीटरच्या दहाव्या भागांत, काढता येते. डेबाय आणि शेरर यांनी १९१६ मध्ये, तर अमेरिकेत हल यांनी त्यानंतर लगेच स्वतंत्रपणे, एकच मोठा स्फटिक न घेता बारीक भुकटी वापरता येते हे दाखवले. भुकटीत लाखो कण सर्व दिशांना वळलेले असल्यामुळे प्रत्येक थरसमूहासाठी योग्य दिशेचे काही कण मिळतातच, या गृहीतकावर पद्धत उभी आहे. हे गृहीतक आपोआप खरे ठरत नाही. ते नमुना तयार करणाऱ्याला खरे करून दाखवावे लागते.

नळी तांब्याची की कोबाल्टची

बहुतेक यंत्रांत क्ष-किरण निर्माण करणारी तांब्याची नळी असते आणि तिच्या मुख्य किरणांची तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम, म्हणजे ऊर्जा सुमारे ८.०५ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट असते. लोहाच्या अणूच्या सर्वांत आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास ७.११ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. याचा परिणाम दुहेरी होतो. लोह तांब्याचे किरण गिळून स्वतःचे किरण सर्व दिशांना फेकते आणि आलेखाची पार्श्वभूमी उंच होऊन लहान शिखरे तिच्यात बुडतात. शिवाय किरण नमुन्यात खोलवर जातच नाहीत. हेमॅटाइटमध्ये साधारण ९ मायक्रॉन जाईपर्यंत तांब्याच्या किरणांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश शोषले जातात, तर क्वार्ट्‌झमध्ये तेवढ्याच शोषणासाठी याच्या दहापटीहून अधिक अंतर लागते.

कोबाल्टच्या नळीची ऊर्जा ६.९३ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे लोहाच्या ७.११ या मर्यादेखाली असल्यामुळे दोन्ही अडचणी एकदम कमी होतात. कोबाल्टची सोय उपलब्ध असेल तर लोहधातुक, जांभा आणि लोहाचे फेराइट यांसाठी तीच मागावी. त्यासाठी आठवडाभर थांबावे लागले तरी थांबावे. मात्र सांगे तालुक्यातील रिवण परिसरासारख्या ठिकाणचे मँगनीजधातुक असेल तर हा उपाय उलटतो, कारण मँगनीजची मर्यादा ६.५४ आहे आणि कोबाल्टचे किरण ती ओलांडतात. निकेल फेराइटमध्ये निकेलचा त्रास तांब्याच्या नळीला होत नाही (निकेलची मर्यादा ८.३३ आहे), पण त्यातील लोहाचा होतो. कोबाल्ट फेराइट किंवा बॅटरीत वापरले जाणारे लिथियम कोबाल्ट ऑक्साइड तांब्याच्या नळीवर मोजले तर कोबाल्टही उजळते. नमुन्यात कोणती मूलद्रव्ये आहेत हे आधी लिहून काढावे आणि मग नळी ठरवावी.

केवळ तांब्याचीच नळी असेल तर विवर्तित किरणांच्या मार्गात ग्रॅफाइटचा मोनोक्रोमेटर (ठरावीक तरंगलांबीचेच किरण पुढे सोडणारा स्फटिक) लावावा, किंवा ऊर्जा ओळखणारा डिटेक्टर असेल तर त्याची खालची मर्यादा वाढवून लोहाचे ६.४ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचे किरण वगळण्यास यंत्रचालकाला सांगावे. याने पार्श्वभूमी खाली येते आणि आलेख देखणा दिसू लागतो. शोषण मात्र तसेच राहते, हे त्या देखणेपणामुळे विसरले जाते. पुढे टक्केवारी काढताना त्याची किंमत मोजावी लागते.

नमुना गोळा करणे, वाळवणे, दळणे

जांभ्याचा नमुना घेण्यासाठी लांब जायला नको. ताळगावच्या ज्या पठारावर गोवा विद्यापीठ उभे आहे तो खडकच जांभा आहे. पण चिरेखाणीच्या एकाच उभ्या कापात वरचा कठीण थर, मधला ठिपकेदार थर आणि खालची पांढुरकी माती यांचे खनिज-मिश्रण पूर्णपणे वेगळे असते. तीन थरांचा एक सरासरी नमुना केला तर त्यातून काहीच शिकायला मिळत नाही. प्रत्येक थराचा वेगळा नमुना घ्यावा, फोडून ढीग करावा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवावेत आणि पुरेसे लहान प्रमाण उरेपर्यंत हे करत राहावे.

पावसाळ्यातील दमटपणामुळे नमुना नीट वाळवणे भागच असते, तरी ओव्हन ६० अंशांच्या वर नेऊ नये. जांभ्यातील हॅलोयसाइट हे चिकणमातीचे खनिज सहज पाणी गमावते आणि त्याचे १० अँगस्ट्रॉमचे शिखर ७ अँगस्ट्रॉमवर सरकून केओलिनाइटमध्ये मिसळते. मग ते खनिज तेथे होते याचा पुरावाच नाहीसा होतो. किनाऱ्यावरची वाळू आधी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावी, नाहीतर तांब्याच्या नळीवर ३१.७ अंशांना मिठाचे ठळक शिखर दिसते. मिरामार–करंझाळे पट्ट्यातील काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट दोन्ही असतात. इल्मेनाइटचे एक मोठे शिखर २.५४ अँगस्ट्रॉमवर, तर मॅग्नेटाइटचे सर्वांत मोठे शिखर २.५३ वर येत असल्यामुळे, कागदात गुंडाळलेल्या साध्या हातचुंबकाने मॅग्नेटाइट आधी वेगळे काढावे आणि दोन्ही भागांचे स्वतंत्र आलेख घ्यावेत. पाच मिनिटांचे हे काम संगणकावरचे काही तास वाचवते.

दळणे हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक टप्पा आहे. अनेक ठिकाणी भुकटी ४५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेली की काम झाले असे मानतात. खनिज ओळखण्यापुरते ते चालून जाते. प्रमाण काढायचे असेल तर १० मायक्रॉनच्या खाली, जमल्यास ५ मायक्रॉनच्या आसपास यावे लागते. कारण वर आलेच आहे : हेमॅटाइटचा ३० मायक्रॉनचा कण तांब्याच्या किरणांसाठी अपारदर्शक असतो, त्याच्या फक्त पृष्ठभागाचा हिस्सा आलेखात येतो, आणि शेजारचा क्वार्ट्‌झचा कण मात्र पूर्णपणे मोजला जातो. सूक्ष्म-शोषणाचा हा दोष ब्रिंडली यांनी १९४५ मध्ये मांडला, आणि लोहधातुकात तो इतर कोठल्याही दोषापेक्षा मोठा ठरू शकतो.

अकीकाच्या खलात सुमारे १ ग्रॅम नमुना घेऊन त्यावर भुकटी बुडेल इतके आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतावे आणि ते उडून जाईपर्यंत हलक्या हाताने घोटावे. असे दोन-तीन वेळा करावे. द्रवामुळे कण एकमेकांवर घासताना तापत नाहीत. कोरडे आणि जोरात दळले तर केओलिनाइटची रचना मोडते, शंखशिंपल्यांतील ॲरागोनाइट व कॅल्साइट एकमेकांत बदलू शकतात, आणि यांत्रिक गिरणीत तासन्‌तास फिरवलेले गोथाइट हेमॅटाइटकडे झुकू लागते. पोलादी भांड्याची गिरणी लोहाच्या नमुन्यासाठी वापरूच नये, कारण भांड्यातून झिजून आलेले लोह नंतर वेगळे दाखवता येत नाही. तयार भुकटी दोन बोटांत चोळल्यावर मैद्याहूनही मऊ लागावी, खर अजिबात जाणवू नये. मँगनीजची धूळ श्वासात जाणे हानिकारक असल्यामुळे मास्क लावावा.

साच्यात भुकटी भरताना वरून काचेने दाबून गुळगुळीत करण्याचा मोह होतो. तसे केले की केओलिनाइट आणि गिब्साइटचे पातळ पत्रे आडवे पडतात आणि त्यांची काही शिखरे अवाजवी उंच होतात. भुकटी मागच्या बाजूने भरता येईल असा साचा वापरावा आणि पुढची बाजू खरखरीत काचेवर टेकवावी. पृष्ठभाग साच्याच्या कडेशी अचूक समपातळीत हवा. २०० मिलिमीटर त्रिज्येच्या यंत्रात भुकटी ०.१ मिलिमीटरने खाली राहिली तरी शिखर सुमारे ०.०५ अंशाने सरकते.

मांडवी-जुवारीच्या गाळातील किंवा अरबी समुद्राच्या तळातील चिकणमातीच्या खनिजांसाठी मात्र पत्रे मुद्दाम आडवे पाडले जातात. २ मायक्रॉनखालचा भाग पाण्यात निवळवून वेगळा करावा आणि काचपट्टीवर वाळवावा. १० सेंटिमीटर खोलीसाठी पुस्तकी कोष्टकात जो पावणेआठ-आठ तासांचा अवधी दिलेला असतो तो २० अंश तापमानासाठी असतो. आपल्याकडे खोलीतील पाणी ३० अंशांना असेल तर पाणी पातळ होऊन तोच अवधी सहा तासांच्या थोडा वर येतो. पट्टीचे तीन आलेख घ्यावेत : हवेत वाळलेली, इथिलिन ग्लायकॉलच्या वाफेत ठेवलेली आणि ५५० अंशांना तापवलेली. ग्लायकॉलमुळे स्मेक्टाइट १७ अँगस्ट्रॉमपर्यंत फुगते, इलाइट १० वरच राहते आणि तापवल्यावर केओलिनाइटचे ७ अँगस्ट्रॉमचे शिखर नाहीसे होते. क्लोराइटचेही एक शिखर ७ वर येत असल्यामुळे, तापवण्यापूर्वीच्या आलेखात केओलिनाइटचे ३.५८ आणि क्लोराइटचे ३.५४ हे जोडशिखर वेगळे दिसते का, ते पाहावे.

मोजणी आणि आलेखाचे वाचन

मोजणीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. आधी ५ ते ८० अंशांची झटपट फेरी घ्यावी, ०.०२ अंशाच्या पायऱ्यांनी; ती पाहून हव्या त्या भागाची सावकाश मोजणी करावी. दर काही दिवसांनी प्रमाणित सिलिकॉनचा आलेख घेऊन यंत्र सरकलेले नाही याची खात्री करावी. छायाचित्र नव्हे, तर कोन आणि मोजणी-संख्या असलेली मूळ फाइल मागून घ्यावी.

खनिज ओळखण्यासाठी संगणक आंतरराष्ट्रीय संग्रहातील नोंदींशी जुळणी करून यादी देतो. ‘क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस’ हा मोफत संग्रहही या कामाला पुरतो. यादीतील पहिले नाव हे उत्तर नव्हे. सुचवलेल्या खनिजाची सर्व ठळक शिखरे आलेखात, साधारण योग्य उंचीने, असायलाच हवीत. एक जरी नसेल तर त्याचे कारण देता आले पाहिजे. गोव्याच्या नमुन्यांत तांब्याच्या नळीवर प्रथम पाहण्याचे कोन असे : केओलिनाइट १२.३, गिब्साइट १८.३, गोथाइट २१.२, क्वार्ट्‌झ २६.६, हेमॅटाइट ३३.२ आणि मॅग्नेटाइट ३५.५. कोबाल्टवर यांतील केओलिनाइट १४.४, गोथाइट २४.७, क्वार्ट्‌झ ३१.० आणि हेमॅटाइट ३८.७ अंशांना सरकतात, म्हणून वहीत कोनांऐवजी अँगस्ट्रॉममधील अंतरे लिहिण्याची सवय लावावी.

गोथाइटचे एक मोठे शिखर हेमॅटाइटच्या सर्वांत मोठ्या शिखराखाली झाकले जाते, त्यामुळे गोथाइटचा शोध ४.१८ अँगस्ट्रॉमवरच घ्यावा. हेमॅटाइटची १०४ आणि ०१२ ही शिखरे (हे आकडे शिखर कोणत्या थरसमूहाचे ते सांगतात) पसरट, पण ११० आणि ३०० अणकुचीदार दिसत असतील, तर ते हेमॅटाइट गोथाइटमधून पाणी निघून तयार झाले असण्याची शक्यता दाट आहे. नमुना वाळवताना ओव्हन जास्त तापला होता का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

जांभ्यातील गोथाइट बहुधा शुद्ध नसते. लोहाच्या काही जागी त्याहून लहान ॲल्युमिनियम बसते आणि एकक कोष्ठिका (स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा लहानात लहान ठोकळा) आकसते. किती ॲल्युमिनियम बसले आहे याचा अंदाज एका साध्या गणिताने मिळतो. १११ आणि ११० या दोन शिखरांची अंतरे घ्यावीत, प्रत्येकाच्या वर्गाचा व्यस्त काढावा, पहिल्यातून दुसरा वजा करावा आणि उत्तराच्या वर्गमुळाचा व्यस्त घ्यावा. ती कोष्ठिकेची सी ही बाजू. समजा १११ चे अंतर २.४३३ आणि ११० चे ४.१६ आले. व्यस्त अनुक्रमे ०.१६८९ आणि ०.०५७८, वजाबाकी ०.११११, आणि सी म्हणजे ३.०० अँगस्ट्रॉम. शुल्झ यांच्या १९८४ च्या सूत्रानुसार १७३० मधून ५७२ गुणिले सी वजा केले की ॲल्युमिनियमचे मोल-टक्के मिळतात : येथे १४. अंतरे २.४५ आणि ४.१८ असती तर उत्तर शून्याच्या आसपास आले असते.

या सूत्राची संवेदनशीलता लक्षात घेण्याजोगी आहे. १११ चे अंतर फक्त ०.०१ अँगस्ट्रॉमने चुकले, म्हणजे शिखर सुमारे ०.१६ अंश बाजूला वाचले, तर उत्तर जवळजवळ १० टक्क्यांनी फिरते. त्यात हे शिखर पसरट असते आणि त्याच्या शेजारीच हेमॅटाइटचे ११० उभे असते. म्हणून नमुन्यात थोडे सिलिकॉन किंवा कोरंडम (स्फटिक ॲल्युमिनियम ऑक्साइड) मिसळून कोन दुरुस्त करावेत, आणि शिखराचा माथा डोळ्यांनी न निवडता दोन्ही शिखरे एकत्र जुळवून वेगळी करावीत.

फेराइट आणि इतर कार्यात्मक पदार्थ

येथे नमुना स्वतः बनवलेला असल्यामुळे खनिज कोणते याऐवजी अपेक्षित तोच पदार्थ तयार झाला का, कण केवढे आणि रचना किंचित बदलली का, हे प्रश्न येतात. बेरियम टायटनेट उत्तम उदाहरण आहे. विद्युत-गुणधर्म देणाऱ्या चतुष्कोनी रूपात तांब्याच्या नळीवर ४४.९ आणि ४५.४ अंशांना दोन वेगळी शिखरे दिसतात. घनाकृती रूपात तेथे एकच असते. कण फार बारीक असतील तर ही फूट पसरटपणात हरवते, तेव्हा एकच शिखर दिसले म्हणून लगेच ‘घनाकृती’ असे लिहू नये.

फेराइटच्या कणांच्या आकारासाठी शेररचे सूत्र सर्रास वापरले जाते : ०.९ गुणिले तरंगलांबी, भागिले शिखराची रेडियनमधील रुंदी आणि आलेखावरील कोनाच्या निम्म्याचा कोसाइन यांचा गुणाकार. ३५.५ अंशांच्या शिखराची रुंदी ०.५ अंश, म्हणजे ०.००८७ रेडियन असेल तर आकार सुमारे १७ नॅनोमीटर येतो. ही रुंदी यंत्राची स्वतःची रुंदी वजा केल्यानंतरची हवी, आणि त्यासाठी लँथेनम हेक्साबोराइडसारख्या प्रमाणित पदार्थाचा आलेख त्याच मांडणीत घ्यावा लागतो. प्रबंधांमध्ये ‘१६.६८ नॅनोमीटर’ असे दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेले आकडे वाचले की हसू येते, कारण सूत्रातला ०.९ हा गुणांकच कण गोल की लांबट यानुसार बदलतो. शिवाय रुंदीत स्फटिकातील ताणाचाही वाटा असतो, आणि १०० नॅनोमीटरच्या पुढे साध्या यंत्राला आकार सांगताच येत नाही. या सूत्रातून मिळतो तो सलग स्फटिक-भागाचा आकार, सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या कणाचा नव्हे. मॅग्नेटाइट आणि त्याच्याशी रचनेने जुळणारे लोह-ऑक्साइड मॅगहेमाइट यांचा निवाडाही नॅनोकणांच्या आलेखावरून करू नये, ८.४० आणि ८.३५ अँगस्ट्रॉमच्या कोष्ठिकांतला फरक पसरट शिखरांत सहज बुडतो, आणि तेथे मॉसबाउअर वर्णपटाची (लोहाची केंद्रके गॅमा किरण कसे शोषतात ते दाखवणाऱ्या मोजणीची) मदत घेणे शहाणपणाचे ठरते.

टक्केवारी काढताना

रिटव्हेल्ड यांनी १९६९ मध्ये मांडलेली पद्धत संपूर्ण आलेखाची गणिताने पुनर्रचना करते आणि प्रत्येक पदार्थाचा वाटा सांगते. जीएसएएस-२, फुलप्रॉफ आणि प्रोफेक्स ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. नवशिक्याने प्रोफेक्सपासून सुरुवात करावी. आधी पार्श्वभूमी आणि प्रमाण-गुणक, मग नमुन्याची उंची व कोष्ठिकेच्या बाजू, मग शिखरांची रुंदी, आणि सर्वांत शेवटी पत्र्यांची दिशा, या क्रमाने चल (गणिताला बदलू द्यायच्या राशी) मोकळे सोडावेत. सगळे एकदम सोडले तर जुळणी सुंदर दिसते आणि कोष्ठिकेचे आकडे निरर्थक येतात.

ही पद्धत स्फटिक पदार्थांची बेरीज १०० करून देते. फेरिहायड्राइटसारखा जवळजवळ अस्फटिक पदार्थ २.५ आणि १.५ अँगस्ट्रॉमच्या आसपास दोन बसके उंचवटे दाखवतो आणि हिशेबातून निसटतो. खाणीच्या पाण्यातून उतरलेल्या तांबूस साक्यात तो असण्याचा संभव नेहमीच धरावा. त्याचे प्रमाण काढण्यासाठी नमुन्यात वजन करून २० टक्के कोरंडम मिसळावे. गणिताने कोरंडम २५ टक्के दाखवले तर मिश्रणाचा २० टक्के भाग, म्हणजे मूळ नमुन्याचा २५ टक्के भाग, अस्फटिक आहे असा अर्थ होतो.

मात्र तांब्याच्या नळीवर आणि भरड भुकटीत हेमॅटाइट कमी मोजले जाते, कोरंडम जास्त, आणि नमुन्यात नसलेला अस्फटिक पदार्थ कागदावर उगवतो. म्हणून असा आकडा आला की तीच भुकटी अल्कोहोलमध्ये आणखी घोटावी आणि पुन्हा मोजावी. आकडा खाली आला तर तेवढा भाग कणांच्या जाडीचा होता. पुन्हा घोटूनही तो जागचा हलला नाही, तरच तो अहवालात लिहावा, आणि तोही पूर्णांकात.